बोलावणं नाही, हे सांगायला आले

आमच्या सिंधूआत्यांनी डॉक्टर बदलला, तेव्हा त्या जुन्या डॉक्टरांकडे रीतसर नंबर लावून बसल्या. पाऊण तासाने आत गेल्यावर त्यांनी सांगितलं, की उद्यापासून मी दुसऱ्यांकडे जाणार, तुमच्या गोळ्यांनी गुडघ्याला स्वल्पसुद्धा फरक नाही, आणि हे तुम्हाला भलत्या कुणाकडून कळायला नको म्हणून आले. मग टेबलावर फी ठेवली. डॉक्टर नको नको म्हणत होते. तुमची दहा मिनिटं गेली की, असं म्हणून आत्या बाहेर पडल्या.

भाजीवाल्याचंही तेच. एखाद्या दिवशी समोरच्या गाडीवरून शेंगा घ्यायच्या असल्या, तर आधी नेहमीच्या भाजीवाल्याला जाऊन सांगायचं, आज तुझ्याकडनं नाही. सुरुवातीला त्याला राग यायचा. आता तो 'सरी अक्का', म्हणजे बरं ताई, म्हणतो आणि समोरच्याच्या शेंगा कशा निघाल्या ते दुसऱ्या दिवशी विचारतो.

सिंधूआत्या या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, लग्न केलं नाही, जन्म बंगळुरातलाच. सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये चौतीस वर्षं काढून निवृत्त झाल्या आणि बसवनगुडीत दोन खोल्यांत एकट्या राहतात. मी पुण्याची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. स्पष्ट बोलण्याबद्दल पुणेकरांचं नाव आहे म्हणतात, पण माझी मजल मेसेज लिहून तो न पाठवण्यापर्यंतच जाते.

गेल्या वर्षी माझ्या नणंदेच्या, जे. पी. नगरच्या नीलाताईंच्या मुलीचं लग्न ठरलं. ऋचाने जाहीर केलं, की लग्न अंदमानातल्या एका बेटावर, समुद्राकाठी होणार. विमान, मग दोन तास बोट. विमानाचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं. बोट, खोल्या आणि जेवणखाण लग्नघराकडे. रिसॉर्टच्या खोल्या आणि नीलाताईंच्या यजमानांचा प्रॉव्हिडंट फंड यांचा मेळ घालता आपल्या बाजूची माणसं निघाली बेचाळीस. नातेवाइकांची यादी होती एकशे अठ्ठ्याहत्तरांची.

हे काम माझ्याकडे आलं, कारण मी प्रोजेक्ट मॅनेजर. माझं ऑफिसातलं प्रोजेक्ट तेव्हा आठ महिने उशिरा चाललं होतं, पण सासरी ते कुणाला माहीत नव्हतं. मी एक्सेलची शीट केली, तीन रंगांची. हिरवे म्हणजे न्यायचेच, पिवळे म्हणजे जमलं तर, आणि लाल म्हणजे ज्यांना कळू द्यायचं नाही ते. खर्चाच्या भागात माझी लाडकी ओळ होती, 'स्वागत पिशव्या'. प्रत्येक पाहुण्याच्या खोलीत गवती टोपी, सनस्क्रीन, रबरी चपला आणि वधूवरांची अक्षरं कोरलेला नारळ. ही कल्पना माझी. नारळावर अक्षरं कोरणारा माणूस शोधण्यात माझे दोन शनिवार गेले होते. खर्च कमी करायचा म्हणून कुणी त्या ओळीकडे नुसतं पाहिलं, तरी मी 'गेस्ट एक्स्पीरियन्स' असं काहीतरी बोलायला लागे.

अठराव्या ओळीत सिंधूआत्या होत्या. नीलाताई म्हणाल्या, आत्याला नको. या वयात दोन तास बोट, त्यात गुडघे, ऊन. शिवाय ती पहाटे चारला उठून मोठ्याने स्तोत्रं म्हणते, एसी लावू देत नाही, म्हणजे तिला वेगळी खोली द्यावी लागणार. पण हे तिला सांगायचं कसं, ते नीलाताईंना कळेना. मी म्हटलं, ते माझ्याकडे सोडा. आणि मी काय केलं, तर अठरावी ओळ लपवली. एक्सेलमध्ये तशी सोय असते.

वर माझी हुशारी अशी, की लाल यादीतल्या काही म्हाताऱ्या माणसांचं नातं नक्की काय, हे विचारायला मी लॅपटॉप घेऊन आत्यांकडेच गेले. आत्यांनी चष्मा लावून यादी वरपासून खालपर्यंत वाचली, नाती सांगितली, मग लाल रंगावर बोट ठेवून विचारलं, "यांना कोण सांगणार?"

मी म्हटलं, कुणीच नाही. लग्न झालं की ग्रुपवर फोटो टाकू, अगदी छोटेखानी समारंभ केला म्हणून लिहू. आत्या उठल्या आणि पर्स शोधू लागल्या.

पुढचे तीन रविवार आम्ही दोघी लाल यादीतल्या वडीलधाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना बोलावणं नसल्याचं सांगत होतो. ज्यांना बोलावलंय त्यांना पत्रिका पुरते, असं आत्यांचं म्हणणं. ज्यांना बोलावलं नाही त्यांच्या घरी जावं लागतं. बरोबर पाव किलो म्हैसूरपाक आणि बोटभर लांबीची येलक्की केळी. मी टॅक्सी बोलवायला लागले, की त्या बसकडे बोट दाखवत, कारण बसमध्ये बायकांना तिकीट पडत नाही. त्यासाठी कंडक्टरला दाखवायचं आधार कार्ड त्या घरापासूनच हातात धरून निघत.

पद्धत ठरलेली. बसायचं, तब्येत विचारायची, पाणी प्यायचं. मग आत्या पदर सारखा करून म्हणत, "आमच्या ऋचाचं लग्न ठरलंय. लांब बेटावर आहे, खोल्या थोड्या आहेत. तुम्हाला बोलावणं नाही. हे सांगायला आले." यानंतर मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाठ करत असे.

राजाजीनगरच्या एका काकांनी विमानाचं भाडं विचारलं, आकडा ऐकून देवाच्या तसबिरीला हात जोडले आणि ऋचासाठी तिथल्या तिथे आहेराचं पाकीट दिलं. मल्लेश्वरमच्या वहिनी मात्र भडकल्या. मग इथवर आलात कशाला, म्हणाल्या, आणि कॉफीचं विचारलंच नाही. मी उठले. आत्या उठेनात. चाळीस मिनिटं त्या तशाच बसून राहिल्या. वहिनींनी टीव्ही लावला, आत्यांनी तो पाहिला. शेवटी वहिनी आत गेल्या, भांडी आपटल्याचे आवाज आले आणि तीन पेले कॉफी बाहेर आली. दुसरा घोट घेताना वहिनींचे डोळे भरले. ऋचा लहान असताना सुट्टीत त्यांच्याकडे राहायची, दुसऱ्या कुणाच्या हातचं जेवायची नाही, असं त्या सांगू लागल्या.

"म्हणून तर आले," आत्या म्हणाल्या.

निघताना वहिनींनी हळदीकुंकू लावलं. मलाही लावलं, जरा दाबूनच.

तिसऱ्या रविवारी शेवटचं घर करून आम्ही बसस्टॉपवर बसलो होतो. माझे पाय दुखत होते. मी विचारलं, की इतकं सगळं कशाला करता तुम्ही? नाही सांगितलं तर काय बिघडतं?

आत्यांनी बस येतेय का ते पाहिलं. मग सांगितलं. त्यांच्या धाकट्या बहिणीचं, मंदाचं लग्न धारवाडला झालं. तेव्हा आत्या सव्वीस वर्षांच्या. थोरली अजून घरात कशी, असं मुलाकडचे विचारतील, या धास्तीने घरच्यांनी त्यांना सांगितलं, की कुलदेवीला जाऊन येतो, तुला रजा मिळायची नाही, तू राहा. आठ दिवसांनी सेक्शनमधल्या एका बाईंनी विचारलं, बहिणीच्या लग्नात कुठे दिसला नाहीत? त्या बाई मुलाकडच्या पाहुण्या म्हणून जाऊन आल्या होत्या.

"मी म्हटलं, रजा नव्हती," आत्या म्हणाल्या. "मग डबा उघडला, खाल्ला. घरात सगळ्यांना माहीत होतं गं. मी काही हट्ट केला नसता. पण एकाने येऊन सांगायचं."

बस आली आणि गेली. आम्ही उठलो नाही. तीन रविवार मी या बाईंच्या मागे म्हैसूरपाकाची पिशवी धरून हिंडत होते.

"आत्या, यादीत तुमचंही नाव नाही," मी म्हटलं. "बोट दोन तासांची आहे आणि तुम्हाला वेगळी खोली लागेल, म्हणून. मी सांगणार होते." यातलं शेवटचं वाक्य खोटं होतं.

आत्या मांडीवरच्या पर्सची चेन उघडत आणि लावत राहिल्या.

"सतराच्या पुढे एकोणीस होतं," त्या म्हणाल्या. "जन्मभर ड्रॉइंगं तपासली मी. मला वाटलं, पहिल्या रविवारी सांगशील." मग चेन लावून म्हणाल्या, "सांगितलं तरी मनाला लागतंच. मला वाटायचं, सांगितलं की नाही लागत."

मी तिथूनच नीलाताईंना फोन लावला, आत्यांना न्यायचंच म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, मला तिच्या काळजीने सुचत नव्हतं, आणि आता खोलीचे पैसे कुठून काढायचे? तेव्हा पहिल्यांदा मी स्वागत पिशव्यांचा हिशेब नीट केला. बेचाळीस पिशव्यांत आत्यांची खोली बसत होती, वर जाता-येताची बोटसुद्धा. म्हणजे इतके दिवस एका बाजूला आत्या आणि दुसऱ्या बाजूला बेचाळीस गवती टोप्या अशी निवड चालली होती, आणि माझ्या राज्यात टोप्या जिंकत होत्या. पिशव्या रद्द केल्या. नारळवाल्याला तसं सांगायला मी स्वतः गेले. त्याने ऐकून घेतलं, ॲडव्हान्स परत दिला नाही.

आत्यांनी मात्र लगेच हो म्हटलं नाही. स्वल्प विचार करते, म्हणाल्या. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, की येते.

बोटीत त्या माझ्या शेजारी बसल्या. नीलाताईंनी तीनदा येऊन विचारलं, आत्या, ठीक ना? आत्यांनी तीनदा मान हलवली. बोट सुटायच्या आधीच त्यांनी माझं मनगट धरलं होतं. एरवी बसमध्ये कंडक्टरच्या मुलांची शिक्षणं विचारणाऱ्या बाई दोन तास एक शब्द बोलल्या नाहीत. डोळे मिटलेले, ओठ घट्ट. मला वाटलं, डुलकी लागली. हात सोडवून घ्यावा, तर बोटं ढिली होईनात.

धक्क्यावर उतरल्यावर त्यांनी हात सोडला. मनगटावर चार लाल वळ उठले होते. आत्यांनी चपलेने फळ्या दाबून पाहिल्या, खाली जमीन असल्याची खात्री करून घेतली.

"मला पाण्याची फार भीती वाटते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लहानपणापासून."

मी म्हटलं, मग हे आधी का नाही सांगितलंत?

नीलाताई बॅगा मोजत पुढे चालल्या होत्या. आत्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"सांगितलं असतं, तर तुम्ही मला आणलं नसतं."

मी बाही ओढून मनगट झाकलं आणि त्यांची बॅग उचलली.