तीन टोकांचं सांबर

बापूकाका कुणाच्याही घरी गेले की आधी माणसं बघत नाहीत, भिंतीवर शिंगं आहेत का ते बघतात. आता नाशकातल्या इंदिरानगरच्या फ्लॅटांत शिंगं कुठून असणार? टांगली तर वनखातं दारात उभं राहील. मग कॅलेंडरवरचं हरीण, नातवाच्या कंपासपेटीवरचं हरीण, आणि काहीच नसेल तर आमच्या पार्किंगमधली शेवग्याची वठलेली फांदी. "डावीकडं चार, उजवीकडं तीन. सातचं आहे. बुंधा बारीक, पसारा बरा." एवढं झालं की मगच चहा.

माणसंही त्याच मापानं. सोसायटीच्या नव्या चेअरमनना त्यांनी एकदा आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "टोकं बरीच आहेत, बुंध्यात दम नाही." तीन महिन्यांत चेअरमन फ्लॅट विकून पुण्याला पळाले. मी सांगतो त्यातलं निम्मं खरं धरा. हे त्या निम्म्यातलं.

खुद्द काकांनी जन्मात उंदीर मारलेला नाही. शिकारी होते त्यांचे वडील, सिन्नरकडचे, बंदीच्या कायद्याच्या बरेच आधीचे. वारसाहक्कानं बंदूक आली नाही, फक्त मोजणी आली. दोन्ही शिंगांची टोकं मिळून मोजायची. ज्या टोकाला टोपी अडकून राहील तेच टोक, बाकी नुसतं टेंगूळ. पुऱ्या वाढीचं सांबर सहाचं. "सहाच्या खाली दिसलं तर रामराम करून सोडून द्यायचं!" हे वाक्य मी किमान अकरा हजार वेळा ऐकलंय. ऑफिसात आमची टेबलं लागून होती, त्यामुळे आकडा फार फुगवलेला नाही.

तिसरं टेबल काशिनाथचं. सुरगाण्याकडचा. त्याच्या डब्यातली नागलीची भाकरी काका खायचे आणि काकांच्या पोळ्या तो. काकूंची वीस वर्षं अशी समजूत, की नवरा आपल्या पोळ्यांवर खूश आहे. काशिनाथ इतका अबोल, की फोन वाजला तर आधी खिडकीबाहेर बघायचा. त्याच्या वाटचंही काकाच बोलत. त्याची रजा मागायलासुद्धा साहेबांकडे काकाच जायचे.

आणि हा माणूस निवृत्तीच्या दिवशी भाषणाला उभा राहिला. साठ माणसांचा हॉल, बायकोपोरं पहिल्या रांगेत. त्यानं खिशातून कागद काढला, घसा खाकरला.

"माझ्या बानं एक सांबर मारलं व्हतं. तीन टोकांचं..."

"तीन?" काका खुर्चीतूनच ओरडले. "अरे, मग शिकार कसली? पाडस मारलं की तुझ्या बानं!"

हॉल असा फुटला, की वरचा पंखा दचकून थांबला. हसू ओसरलं तेव्हा काशिनाथ कागदाची घडी घालत होता. शाल-श्रीफळ घेतलं, जेवणाच्या पंगतीला न बसता बायकोपोरांना घेऊन स्टँडवर गेला.

"रुसलाय. येईल सोमवारी," काका म्हणाले. निवृत्त माणूस सोमवारी कशाला येतोय? काका फोन करत राहिले, तिकडून कुणी उचलेना. नऊ वर्षं काका आम्हालाच विचारत राहिले, "मी खोटं बोललो का? तीनचं म्हणजे पाडसच ना?"

गेल्या थंडीत त्यांच्या अमेरिकेतल्या जावयाचा फोन आला. सासऱ्यांना रुचेल असा विषय म्हणून बिचारा सांगत होता, "बाबा, इकडे पूर्वेकडचे शिकारी दोन्ही शिंगांची टोकं मोजतात आणि पश्चिमेकडचे एकाच बाजूची. तेच हरीण तिथं आठचं, इथं चारचं!" फोन स्पीकरवर होता, मी शेजारी बसून हसलो. काका हसले नाहीत. फोन बंद केला.

"एका बाजूची तीन," ते म्हणाले. "म्हणजे सहाचं होतं रे ते."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही सुरगाण्याला. काशिनाथ अंगणात वरई पाखडत होता. त्यानं सूप खाली ठेवलं नाही.

"बस, बापू."

"काशा, तुमच्याकडं एकाच शिंगाची टोकं मोजतात?"

"हां. दुसरं तसंच असतं. दोनदा काय मोजायचं?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"तू विचारलं कुठं? तू हसलास."

मग त्यानं सांगितलं. सांबरानं भात तुडवला होता, म्हणून बापानं ते मारलं. पण जीव जाईस्तोवर ते बापाकडं बघत राहिलं. त्यानंतर बापानं शिकार कायमची सोडली. गाव भेकड म्हणालं. बाप बांधकामाच्या मजुरीला नाशकात आला, म्हणून पोरगं नाशकातल्या शाळेत गेलं. "त्या सांबरामुळं मी हितं उभा हाय, एवढंच बोलायचं व्हतं. कागदावर चारच ओळी व्हत्या."

"आता सांगितलंस की," काका हळूच म्हणाले.

"आता दोघांना सांगितलं. तिथं साठ माणसं व्हती. माझी पोरं व्हती." आणि तो पुन्हा पाखडायला लागला. चहा दिला, पण निघताना 'परत ये' म्हणाला नाही.

परतीच्या एसटीत काका दांडा धरून उभे राहिले आणि कंडक्टरला म्हणाले, "तुला एका सांबराची गोष्ट सांगतो."

"आजोबा, बसून घ्या, घाट लागलाय."

"बसतो. आधी ऐक. चूक माझी होती, तिथून सुरुवात आहे."

तेव्हापासून हे चालू आहे. इस्त्रीवाला, भाजीवाली, दवाखान्यात नंबर लावून बसलेले पेशंट. गोष्ट एकाला एकदाच, आणि काशिनाथच्या चार ओळी मात्र जशाच्या तशा. काका मोजतात. साठ झाले की सुरगाण्याला जाऊन त्याला सांगणार. मग तो बोलेल, नाहीतर नाही बोलणार.

परवा आकडा सत्तेचाळीसवर आला. मी म्हटलं, "मला धरा की, अठ्ठेचाळीस होतील."

"तुला कसा धरू?" काका म्हणाले. "त्या दिवशी माझ्या शेजारी तूच होतास. सगळ्यांच्या आधी तू हसलास."

ते गेट उघडून बाहेर पडले. समोर रस्त्यावर कुरिअरवाला मोटारसायकल लावत होता.