गरीब दहाला, श्रीमंत चारला

सुदामचं डोकं सकाळीच तापलं होतं. स्वतःच्याच घरातून स्वतःचाच फ्रिज चोरासारखा बाहेर काढायला लागला, तर कोणाचं तापणार नाही?

"दाजी, हळू! दाराला घासेल," मेहुणा नरेंद्र म्हणाला.

"घासू दे. गरिबाचा फ्रिज आहे ना हा!"

ही अक्कल नरेंद्रचीच. सुदाम आणि त्याची बायको भिमाबाई यांची पोरगी यशोधरा इंजिनिअरिंगला लागली होती. सोमवारी फी भरली नाही, तर सीट दुसऱ्याच्या घशात जाणार. निम्मी फी उल्हासनगर कॅम्प तीनचा एक ट्रस्ट देणार होता, निम्मी बदलापूरची एक बँक. शिक्षण म्हणजे इन्व्हेस्टमेंट, यावर दोघांचं एकमत. पण ट्रस्टला घर पाहायचं होतं, मुलगी खरंच गरजू आहे का म्हणून. आणि बँकेलाही घर पाहायचं होतं, बाप कर्ज फेडणारा आहे का म्हणून.

"सिंपल आहे," नरेंद्र म्हणाला. "ट्रस्ट दहाला, तेव्हा घर रिकामं. बँक चारला, तेव्हा फुल्ल!"

अंबरनाथ एमआयडीसीत उभी हयात ॲसिडची पिंपं ढकललेल्या सुदामने मग फ्रिज, टीव्ही, कपाट, शेवटी छताचा पंखासुद्धा दात-ओठ खात शेजारच्या उमाकाकूंकडे नेला. काकूंच्या घरात इतकी दाटी झाली, की मोरीत जायला त्यांना कपाटाचं एक दार उघडून दुसऱ्यातून बाहेर पडावं लागलं म्हणतात.

दहाला ट्रस्टचे टहलराम आले. उघड्या भिंती पाहून त्यांचे डोळेच भरले. "अरे साईं, पंखा भी नाय? कसा राहतो तू?" त्यांनी चेकबुक काढलं, पेनाचं टोपण उघडलं, आणि दारात बँकेचे साहेब उभे!

"चारला दुसरीकडे जायचंय. म्हटलं, आत्ताच उरकू." त्यांनी चौफेर पाहिलं. "सामान कुठाय यांचं?"

"रिपेरिंगला," नरेंद्र म्हणाला.

"सगळं?"

"कौन सा सामान?" टहलरामांचं पेन थांबलं.

तेवढ्यात पलीकडून उमाकाकू ओरडल्या, "भिमाबाई, तुमचा फ्रिज आमच्या मीटरवर चाललाय हो! लवकर न्या!"

टहलरामांनी चेकबुक मिटलं. "फ्रिजवाला गरीब कसा?"

साहेबांनी फाईल मिटली. "आणि ट्रस्टपुढे हात पसरणारा हप्ता कसा फेडणार?"

झालं! सकाळपासून दाबलेली वाफ सुटली. "बस्स! ह्याला मी शेठ दिसतो, त्याला भिकारी! मग माझ्या पोरीने शिकायचंच नाय का? आता दोघं मिळून ठरवा, मी कोण ते. ठरलं की हाक मारा!" आणि सुदामने बायको, पोर, मेहुणा यांना बाहेर ओढून दाराला बाहेरून कडी घातली.

जूनचा उकाडा, वर पंख्याचा नुसता हूक. खिडकीतून आधी साहेबांचं इंग्रजी आलं, मग पोलिसांचं नाव, मग टहलरामांच्या अस्सल सिंधी शिव्या, आणि शेवटी फक्त "पाणी!"

भिमाबाईंनी गजांतून तांब्या दिला. सुदाम गरजला, "ठरलं?"

"ठरतंय, ठरतंय!"

अखेर ठरलं. सगळी फी बँक कर्जाऊ देणार आणि कर्जाचं व्याज ट्रस्ट भरणार. "मुद्दल तर वाचलं, साईं," म्हणत टहलरामांनी खिडकीतच सही ठोकली. साहेबांनीही ठोकली. यशोधराने दोन्ही कागद गजांतून ओढून घेतले, तेव्हा कुठे कडी निघाली.

टहलराम रिक्षाकडे पळाले. साहेब मात्र ओल्याचिंब शर्टात तिथेच उभे राहिले आणि सुदामला आपादमस्तक न्याहाळू लागले.

"सुदामराव, रविवारी मोकळे असता?"

"का? चौकीवर यायचंय?"

"छे हो! आमच्या शाखेची निम्मी कर्जं थकलीत. तुमच्यासारखा वसुलीचा माणूस मी उभ्या नोकरीत पाहिला नाही."

सुदाम पुन्हा भडकला. "च्यायला, मी काय गुंड वाटलो? इज्जतीत राबून खाणारा माणूस मी—"

भिमाबाईंनी त्याला शर्टाला धरून मागे ओढलं आणि पदर खोचून स्वतः पुढे झाल्या.

"त्यांचं सोडा, साहेब. रविवारचे किती देणार, ते बोला."