अठ्ठ्याहत्तर किलोची कुंडी

मधुभाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघत. नमस्कार नंतर, पाणी नंतर. उंबरठ्यात उभं राहून मान मागे टाकायची, पंख्याची कडी न्याहाळायची, तोंडानं 'च्यक' करायचं किंवा समाधानानं हुंकार द्यायचा, आणि मग चपला काढायच्या. च्यक झालं तर त्या पंख्याखाली ते बसत नसत. एकदा सत्यनारायणाच्या पूजेत त्यांनी भटजींना पाटासकट तीन हात सरकवलं होतं. "देव वाचवते ना भटजी, पन त्याले उगीच कामाले काऊन लावाचं?"

नालवाडीत आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. पुढच्या खोलीत हार्डवेअरचं दुकान. वय साठीच्या आसपास, अंगात बाराही महिने खाकी शर्ट, खिशात मोजपट्टी. दुकानात कडी मागितली की मिळायची नाही. आधी प्रश्न यायचा, "जितं वजन का मुर्दं वजन?"

नवीन गिऱ्हाईक दचकायचं. मग मधुभाऊ समजावत. घड्याळ, पंखा, झुंबर, हे मुर्दं वजन. पाळणा, झोपाळा, माणूस, हे जितं. "मुर्दं वजन गुमान लटकते. जितं वजन हालते, हासते, झटका देते. त्याले तिप्पट धरा लागते." आणि गिऱ्हाइकानं उत्तर नीट दिलं नाही तर कडी परत बरणीत.

आमच्या समोरच्या घरी बारसं होतं तेव्हा पाळणा टांगायला यांनाच बोलावलं. टांगून झाल्यावर त्यांनी पाळण्यात सरकीच्या ढेपेचं अख्खं पोतं ठेवलं आणि तासभर कोणाला हात लावू दिला नाही. आत बायकांना काही कल्पना नव्हती. त्या नटूनथटून बाहेर आल्या, पाळण्याला झोका दिला, गाणं सुरू केलं. दोन कडवी झाल्यावर कोणीतरी वाकून बघितलं. बाळ अजून आजीच्या मांडीवर होतं.

अशा माणसाकडे आम्हाला जावं लागलं. साल दोन हजार चार-पाचच्या सुमाराचं. मी कॉलेजच्या लायब्ररीत होते, श्रीकांत, माझा नवरा, विम्याचं काम करायचा. लग्नाला सात वर्षं झाली होती. आम्हा दोघांत एक खेळ होता, दोरीचा. एकानं बांधायचं, दुसऱ्यानं बांधून घ्यायचं, दोघांच्या मर्जीनं, दार लावून. आता लिहायला सोपं वाटतं, पण तेव्हा ते एकमेकांना सांगायलाच आम्हाला चार वर्षं लागली होती. खेळ पुढे सरकला तसं वाटलं, छताला एक कडी हवी. श्रीकांत म्हणाला, "पंख्याची आहे की."

मी तिकडे पाहिलं आणि माझ्याच तोंडून 'च्यक' निघालं. मधुभाऊंच्या शेजारी इतकी वर्षं राहिल्याचा परिणाम.

आम्ही दुकानात गेलो. खोटं बोलायचं काम श्रीकांतकडे होतं, कारण विमा तो विकायचा.

"बेडरूममध्ये कडी लावायची आहे. कुंडी टांगायला. वेलाची."

"वजन?"

श्रीकांतनं तयारी केली नव्हती. घाबरून त्याला एकच आकडा आठवला. "अठ्ठ्याहत्तर."

मधुभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. आधी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा काडीसारखी होते. मग श्रीकांतकडे, त्याच्या पोटाकडे, आणि पुन्हा माझ्याकडे.

"कुंडी जिती हाय का मुर्दी?"

श्रीकांत लालबुंद झाला. उत्तर मीच दिलं. "जिती आहे, मधुभाऊ."

"बरं," ते म्हणाले. "आयतवारी येतो."

बस. ना हसले, ना डोळा बारीक केला. मी घरी येऊन अर्धा तास उशीत तोंड खुपसून हसले. श्रीकांत म्हणत होता, आपण बदली मागू. मी म्हटलं, तुझा धंदा बदलीचा नाही.

रविवारी सकाळी मधुभाऊ शिडी, हातोडी आणि मोठं ड्रिल घेऊन आले. श्रीकांतनं पंख्याची कडी दाखवून अजून एकदा नशीब आजमावलं. "ते पंख्याची हाय," मधुभाऊ म्हणाले. "तिच्या पोटातून वायर गेली हाय. ते सुखानं राहू द्या." मग श्रीकांतनं प्लास्टिकची गिट्टी ठोकून स्क्रू लावायची सूचना केली. त्यावर मधुभाऊ शिडीवरून खाली उतरले, फक्त त्याच्याकडे नीट बघता यावं म्हणून.

"साहेब, गिट्टीवर फोटो लटकते. मानूस लटकला का त्याचाच फोटो लटकते."

त्यांनी हातोडीनं स्लॅब वाजवत वाजवत जागा शोधली, सळई चुकवली आणि आरपार भोक पाडलं, थेट गच्चीवर. जाड बोल्ट खालून वर, गच्चीवर वीतभर लोखंडी पत्री, तिच्यावर एक नट, त्याच्यावर दुसरा, वरून पाणी झिरपू नये म्हणून डांबर. खाली घडीव, बंद कडी. वाकवलेला आकडा त्यांना चालत नव्हता. "जोर आला का उघडते. आपल्याले बंदच पायजे." शेजारच्या काकू गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. त्यांनी विचारलं, हे काय बसवलं? मधुभाऊ वर न बघता म्हणाले, "अर्थिंग."

मग कडीला पाच सिमेंटची पोती लटकवली. अडीचशे किलो. "उद्या याच टायमाले काढतो." आम्ही ती रात्र हॉलमध्ये सतरंजीवर काढली आणि बेडरूममध्ये पोत्यांनी आराम केला.

सोमवारी संध्याकाळी ते आले, पोती काढली, कडी बोटांनी चाचपली, गच्चीवर जाऊन नट बघितले. खाली येऊन पलंगाजवळ उभे राहिले आणि कडीकडे बघतच बोलू लागले, जसं काही तिलाच सांगत होते.

"दर टायमाले आधी आपन लटकून पाहाचं. कुरकुर आली का बंद, मले आवाज द्याचा. खाली गादी पायजे. कैची हातापाशी, बोथट टोकाची. गळ्यापाशी दोर नाई आनाचा, कधीच नाई. हातपाय थंडे पडले, मुंग्या आल्या, का लगेच सोडाचं, गाठ गेली चुलीत, कापून टाकाची. आन ज्यानं बांधलं त्यानं खोली नाई सोडाची. दार वाजलं तरी नाई, फोन वाजला तरी नाई."

श्रीकांत भिंतीत शिरायच्या बेतात होता. मीच विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"तीस वर्षांपासून दोर विकून राह्यलो वहिनी. लोक सांगत नाईत, पन समजते. तुमच्या घरी तुमच्या मर्जीचं काम हाय. मले फक्त वजन मालूम पायजे."

श्रीकांत शिडी पोचवायच्या निमित्तानं पळाला. मी चहा टाकला. मधुभाऊ स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. छताकडे एकदाही बघितलं नाही, हे मला जरा विचित्रच वाटलं.

"एक विचारू का वहिनी? राग नका येऊ देजा."

"विचारा."

"बांधेल मानसाले नको झालं तर? तोंडानं नको तर कोनी गमतीतबी म्हनते. समजते कसं?"

मी सांगितलं. आमचा एक शब्द ठरलेला आहे. भरीत. कारण अशा वेळी भरीत कोणी चुकूनही म्हणत नाही. तो ऐकला की तिथल्या तिथे थांबायचं, का म्हणून विचारायचंसुद्धा नंतर.

मला वाटलं ते हसतील. मी स्वतः हसत होते.

"आन थांबते?"

"लगेच."

त्यांनी कप खाली ठेवला. मधुभाऊंची बायको, कमलताई, जवळच्याच आंजी गावी भावाकडे राहायची. नऊ वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला आठ दिवसांसाठी म्हणून गेली ती आलीच नाही. भांडण झालेलं कोणी ऐकलं नव्हतं. दिवाळीला हे फराळाचा डबा पाठवत, तिकडून डबा धुऊन परत येई. गल्लीत त्याबद्दल कोणी विचारत नसे.

"आमच्या घरी असा शब्द नोता," मधुभाऊ म्हणाले. "बायको म्हनत असन काहीतरी. भांडे आपटे, कधी दोन-दोन दिवस चूप राहे. मले वाटे, असाच सोभाव हाय. लोकाच्या घरचे कड्या तपासत हिंडलो मी. तिले एक डाव नाई विचारलं, का बाई, लय झालं का तुले?"

मी मनात आलं ते बोलून टाकलं. "आता विचारा ना."

"आता?" ते गोंधळून म्हणाले. "आता कसं विचाराचं?"

"बसनं. आंजी काही विलायतेत नाही."

पुढच्या रविवारी दुकान बंद होतं. सोमवारी कॉलेजला जाताना पाहिलं तर मधुभाऊ फळीवर बसून खिळे निवडत होते. दाढी केलेली, आणि शर्ट पांढरा. मी सायकल थांबवली.

"गेलतो," त्यांनी आपणहून सांगितलं.

"विचारलंत?"

"विचारलं."

"मग? काय म्हणाल्या?"

"आधी तर रडली. मंग बोलाले लागली ते तीन घंटे थांबली नाई. एकोनीसशे अठ्ठ्याहत्तरपासून सुरू केलं तिनं. साल, महिना, सारं याद हाय तिले."

"आणि तुम्ही?"

"मी आयकून राह्यलो. मधात एक डाव 'पन' म्हटलं, तिनं असं पाह्यलं का पुन्हा नाई म्हटलं." त्यांनी एक वाकडा खिळा बाजूला काढला. चेहऱ्यावर लाज होती की आनंद, मला नीट कळलं नाही.

"येणार आहेत का परत?"

"ते नाई बोलली." ते खाली बघून खिळे निवडत राहिले. मग म्हणाले, "पन शेवटची बस पकडाले निघालो त फाटकापर्यंत आली. म्हने, पुढच्या आयतवारी येजा. अजून आपन पंच्याऐंशीपर्यंतच पोचलो."