शाळेची बुडीत वाडी

राऊत गुरुजींनी माझ्या सरकारी नोटिशीला दहापैकी चार गुण दिले. तेही लाल पेनाने, शिक्क्याच्या शेजारी. 'जमीन' लिहिताना मी पहिली वेलांटी काढली म्हणून दोन गेले. बाकीचे चार 'आशय चुकीचा' म्हणून.

मी भुईगावकडचा तलाठी. आशय साधा होता. शाळेची किनाऱ्यावरची नारळाची वाडी समुद्राने पुरती खाल्ली, तेव्हा ती शाळेच्या नावावरून कमी का करू नये, ते कळवावे. शाळेने काही कळवलं नाही. तिथून कधीचे निवृत्त झालेले हे मुख्याध्यापक मात्र बोळिंजहून बस बदलून दर सोमवारी माझ्या टेबलासमोर येऊन बसू लागले.

"भाऊसाहेब, त्या नारळांच्या लिलावावर शाळेत नकाशे आले, पेटी-तबला आला, पोरांच्या सहली झाल्या."

"गुरुजी, आता तिथे नारळ नाहीत. मासे आहेत."

"मग माशांचा लिलाव करू. आणि उद्या समुद्राने वाळू परत आणून टाकली तर? हॉटेलवाले टपलेलेच आहेत. नाव शाळेचं राहू द्या."

एकदा ओहोटीला हद्दीचा दगड दाखवतो म्हणून मला चिखलात नेलं. दगड सापडला नाही, माझी एक चप्पल तेवढी गेली. त्यावर म्हणतात, "तुमची चप्पल समुद्राच्या मालकीची झाली का? नाही ना? मग वाडी कशी होईल?"

माझं डोकं उठायचं. शेवटी सुटका व्हावी म्हणून मीच त्यांच्या बाजूने अहवाल पाठवला. तालुक्याहून हुकूम आला: नाव शाळेचंच, जमिनीपुढे मात्र 'पोटखराब' लिहावं. लागवडीला निकामी जमिनीला आमच्या दफ्तरी हाच शब्द आहे. गुरुजी जिंकले. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

पुढच्या सोमवारी साडेदहाला गुरुजी हजर.

"तो पोटखराब शब्द पटत नाही. गिळलं समुद्राने, आणि पोट शाळेचं खराब?"

मी वैतागलोच. म्हटलं, "गुरुजी, तुम्हाला घरी बसवत नाही का हो?"

ते पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. "मुलाच्या सोसायटीत चार वर्षं झाली मला. भाजी घेऊन आलो की गेटवर रोज विचारतात, कुणाकडे जायचंय? इथे तुमचा कोतवालसुद्धा म्हणतो, या गुरुजी."

मला माझीच लाज वाटली. त्यांचा नवा तक्रार अर्ज घेतला आणि पोच लिहून दिली. 'जमीन'ची वेलांटी मुद्दाम पहिली काढली.

गुरुजींनी पोच वाचली. चष्म्यावरून थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग लाल पेनाने वेलांटी दुरुस्त केली.

"दहापैकी तीन," ते म्हणाले. "सोमवारी शुद्धलेखनाची वही आणून ठेवा."