उकंडरावांचं अर्थिंग

घरात कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा तो निवडायचा कुणी, हा प्रश्न उठलाच नाही. कामरगावच्या स्टँडजवळ उकंडरावांनी तीस वर्षं पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग केलं होतं. "करंट आत जाते, काम बाहीर येते. मोटार असो का कॉम्प्युटर, मले सारखंच," असं ते म्हणाले आणि विषय मिटला. सून वैजयंती बीसीए झालेली होती, पण तिनंही होकार दिला. तिला मंगळवारच्या आत कॉम्प्युटर घरात हवा होता, सासऱ्यांशी वाद जिंकायचा नव्हता.

मंगळवारी अकरा वाजता तिची मुलाखत होती. पुण्याची एक कंपनी कॉम्प्युटर विकायची आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर सोडवायला तिला माणसं हवी होती. काम घरी बसून, मराठीतून. लग्नाआधी अमरावतीला वैजयंतीनं हेच काम केलं होतं आणि ते तिला मनापासून आवडायचं. पाच वर्षांनी अशी संधी पुन्हा आली होती. कंपनीची अट मात्र कडक होती. ज्या कॉम्प्युटरवर काम करणार त्यावरूनच मुलाखत द्यायची, आणि चेहरा दिसलाच पाहिजे. मोबाइल चालणार नाही.

शनिवारी उकंडराव वाशीमला गेले. त्यांनी स्क्रीनमध्येच कॅमेरा असलेला कॉम्प्युटर पसंत केला, कॅमेऱ्यात स्वतःच्या मिशा दोनदा पाहून घेतल्या, कीबोर्ड हातात तोलून "याच्यात तांबं हाये का नाई?" असं विचारून दुकानदाराला गप्प केलं आणि खोकं मांडीवर घेऊन जीपनं गावी आले.

दारातच त्यांची बायको भागिरथाबाई पूजेचं ताट घेऊन उभ्या होत्या. "थांबा! पूजा झाल्याबगर बटन दाबाचं नाई."

या घरात फवारणीचा पंप, मिक्सर, फ्रिज, मुलाची, सतीशची मोटरसायकल, कुठलंच यंत्र बिनकुंकवाचं नव्हतं. वैजयंतीनं हातापाया पडून नारळ तेवढा अंगणात फोडायला लावला. भागिरथाबाईंनी ओलं कुंकू कालवलं आणि स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर, जिथे माणसाचं कपाळ असतं तिथे बरोब्बर मधोमध, ठसठशीत टिळा लावला. सगळ्यांनी पेढे खाल्ले.

रविवारी वैजयंतीनं कॅमेरा सुरू केला. स्क्रीनवर चेहऱ्याच्या जागी काळपट लाल अंधार दिसला.

तिनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सेटिंग्ज तपासल्या, लागणारं सॉफ्टवेअर तीनदा नव्यानं टाकलं. अंधार काही हलेना. त्या टिळ्याकडे तिचं लक्षच गेलं नाही. जायचं कसं? देवाच्या कपाळावर कुंकू पाहून 'हे काय लागलंय?' असं कुणी विचारतं का? त्या घरात यंत्रांचंही तसंच होतं.

"लोड येऊन राह्यला," उकंडरावांनी निदान केलं. "फ्रिज बंद करा. पंखे बंद करा."

भर उन्हाळ्यात घर घामानं निथळलं. संध्याकाळपर्यंत फ्रिजमधलं दूध नासलं. अंधार होता तसाच लाल राहिला.

सोमवारी वैजयंतीचा नवरा सतीश शेतातून आला तो वैतागूनच. "बाबा, त्यातला कॅमेराच खराब असन. म्या कारंज्याहून दुसरा घिऊन येतो." तासाभरात तो वेगळा, वरून बसवायचा कॅमेरा घेऊन आला. दारात पुन्हा ताट.

"आई, याची कायले पूजा? लिंबाएवढा तर हाये!"

"लहान हाये म्हनून त्याचं काय चुकलं?" भागिरथाबाई म्हणाल्या.

त्या लिंबाएवढ्या वस्तूला कपाळ असं नव्हतंच. मधोमध एक गोल काच तेवढी होती. टिळा तिथेच बसला. सतीशनं कॅमेरा स्क्रीनवर चढवला, वैजयंतीनं सुरू केला, आणि तोच काळपट लाल अंधार पुन्हा समोर आला. आता मात्र तिला रडू कोसळायचं बाकी राहिलं.

उकंडराव मात्र खूश दिसले. "आता सापडलं! दोन बैल एकाच पायानं लंगडत नसतात. कॅमेरे दोन्ही चांगले हायेत. दोष घराचा हाये."

"घराचा?"

"अर्थिंग!"

घरामागे जमिनीत वायर पुरून मीठ-कोळसा भरलेला खड्डा होता. उन्हाळ्यात तो सुकतो. तीस वर्षांत ज्या मोटारीचा दोष कळला नाही, तिच्या मालकाला उकंडरावांनी हेच सांगितलं होतं, आणि आजवर कुणाची उलटून बोलायची हिंमत झाली नव्हती.

मंगळवारी दहा वाजल्यापासून बाप-लेक बादल्या वाहू लागले. घरातलं महिन्याचं मीठ खड्ड्यात गेलं.

"अवो, मंग भाजीत काय टाकू?" भागिरथाबाई ओरडल्या.

"आज अळणी खाऊ! सुनेची नोकरी हाये!"

ते ऐकून वैजयंतीला हसू आलं आणि भरूनही आलं. नवी साडी नेसून ती स्क्रीनसमोर बसली. बरोबर अकराला पुण्याच्या मॅडम दिसू लागल्या.

"ताई, आवाज येतोय, पण तुम्ही दिसत नाही आहात. नुसता लालसर अंधार आहे."

"मॅडम, दोन दिवस झाले, सगळं करून पाहिलं. दोष सापडत नाही."

मॅडम म्हणाल्या, "मग परीक्षा इथूनच सुरू करू. समजा, ही तक्रार गिऱ्हाइकाची आहे. काय विचाराल?"

पाच वर्षांपूर्वीचा आवाज वैजयंतीच्या तोंडी आपोआप आला. "पहिलं म्हणजे, कॅमेरा शेवटचा नीट कधी चालला? तर दुकानात. सासऱ्यांच्या मिशा अगदी स्वच्छ दिसल्या होत्या."

"मग काय बदललं?"

"घरी आणला. दुसरा कॅमेराही आणला, त्याचंही तेच झालं. म्हणजे घरात आल्यावर दोघांच्या बाबतीत एकच गोष्ट घडली असणार. खोक्यातून काढलं, आणि बटण दाबायच्या आधी..."

ती थांबली. तिनं मान वर केली. एकाखाली एक असे दोन टिळे तिच्याकडे टक लावून बघत होते.

वैजयंतीनं पदर जिभेला लावला आणि वरच्या कॅमेऱ्याची काच घासून पुसली. त्याच वेळी घरामागून आवाज आला, "ओत रे सतीश!" आणि बादली उपडी झाल्याचा धबाक आवाज झाला. स्क्रीनवर वैजयंतीचा चेहरा लख्ख उमटला.

उकंडराव चिखलाच्या पायांनी धावत आत आले. "पाह्य बरं! सांगतलं होतं का नाई? अर्थिंग!" ते वाकले, आणि पुण्यात मॅडमच्या स्क्रीनभर त्यांच्या मिशा पसरल्या. "मॅडम, तुमच्याकडेही दोन बादल्या टाकून घ्या. उन्हाळा लय हाये."

दारात भागिरथाबाई हात जोडून उभ्या होत्या. वैजयंतीनं दोघांकडे पाहिलं आणि पदराचं लाल झालेलं टोक मुठीत धरलं.

"व्हय मामाजी. अर्थिंगच होतं."

दोघं बाहेर गेल्यावर मॅडमनी आवाज खाली आणला. "खरं काय होतं?"

वैजयंतीनं मूठ उघडून दाखवली. मॅडमना हसू आवरेना. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "मग सासऱ्यांना का नाही सांगितलं?"

"मॅडम, काम झालं, माणूस दुखावला नाही. गिऱ्हाइकाशी असंच वागायचं असतं ना?"

मॅडमनी पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत. "एक तारखेपासून या," त्या म्हणाल्या, आणि मग आठवून, "म्हणजे, घरीच बसा."

उकंडरावांचं नाव त्या उन्हाळ्यात पार मानोरा तालुक्यापर्यंत गेलं. कुणाचा कॉम्प्युटर अडला की ते जातीनं हजर होत, आणि दुकानदार म्हणू लागले की यंदा मिठाला काय मागणी आहे! वैजयंतीनं मात्र एक नियम केला. पूजा सासूबाईंनीच करायची, टिळा कुठे लावायचा ते बोट ठेवून तिनं दाखवायचं.

कामाच्या पहिल्याच आठवड्यात सोलापूरहून एका माणसाचा फोन आला. कॅमेरा नवाकोरा होता, दुकानात चांगला चालला होता आणि घरी नुसता लाल अंधार दाखवत होता. कंपनीनं दिलेल्या यादीत अठरा प्रश्न होते. वैजयंतीनं यादी बाजूला सरकवली.

"दादा, एक विचारू? पूजा कुणी केली?"

"आईनं. पण तुम्हाला कसं कळलं?"

"ओलं फडकं घ्या आणि काच हळूच पुसा," वैजयंती म्हणाली. "आणि आईंनी विचारलं, तर अर्थिंगचा दोष होता म्हणून सांगा."