डाव्या बाजूचं स्टिअरिंग

"ओ, पण ह्यात ट्रक खंय आसा?" चंद्रावतीने खोक्यात वाकून नवऱ्याला विचारलं.

प्रश्न रास्त होता. खोक्यावर निळाशार, अवाढव्य ट्रक छापलेला होता. पाठीमागे बर्फाचे डोंगर, पुढे काळा गुळगुळीत रस्ता. आत मात्र राखाडी प्लास्टिकच्या चौकटी एकावर एक रचलेल्या होत्या. प्रत्येक चौकटीला नखाएवढे, तांदळाएवढे, काही तर तिळाएवढे तुकडे लटकत होते आणि प्रत्येक तुकड्याशेजारी मुंगीच्या अक्षरात एक आकडा होता. चारशेहून जास्त तुकडे, म्हणजे चोवीस पटीने लहान केलेला एक अख्खा ट्रक.

"जोडूचो आसता तो," बाबली म्हणाला. "तुका नाय कळूचा."

बाबलीला मात्र कळत होतं. कळायलाच हवं. दोडामार्गाकडचं गाव सोडून तो गोव्यात सर्वणला आला तेव्हा त्याला मिसरूड फुटलेलं होतं, आणि तेव्हापासून तीस वर्षं त्याने खाणीवर खनिजाचा ट्रक, टिपर, चालवला होता. आधी दुसऱ्याचा, मग स्वतःचा. खाणी बंद पडल्या तेव्हा तोच टिपर अंगणात सहा वर्षं उभा राहिला. त्याच्या बोनेटावर दुधी भोपळ्याचा वेल चढला. शेवटी तो विकला, त्या दिवशी बाबलीने पडवीत उभं राहून जाहीर केलं होतं, "ह्याच्या फुडे ह्या घरातल्या कोणी स्टिअरिंगाक हात लावूचो नाय!" त्यामुळे त्याचा मुलगा ओंकार शिकला, शिकून पोलंडला गेला आणि तिथे कुठल्याशा लॉजिस्टिक्स कंपनीत लागला. लॉजिस्टिक्स म्हणजे काय हे सर्वणात कोणाला नीटसं ठाऊक नव्हतं. बाबली सगळ्यांना "ऑफिसात आसा" म्हणून सांगायचा आणि सगळे मान हलवायचे.

बापलेकांचं फोनवरचं बोलणं "जेवलास?" "जेवलंय" एवढ्यावर आटपायचं आणि फोन चंद्रावतीकडे जायचा. पण परवा, हे खोकं धाडल्यावर, ओंकारने स्वतःहून बापाला मागून घेतलं होतं.

"बाबा, चवथीक येतंय मी. तोपर्यंत तो ट्रक जोडून ठेवा. मगे तुमका एक गोष्ट सांगूची आसा."

"आताच सांग."

"नाय. ट्रक उभो ऱ्हवलो काय सांगतंय. आणि आत पुस्तक आसा, तेच्यात बघून करा हां. कठीण आसा तो."

पोराने उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला एखादं काम सांगितलं, आणि तेही ट्रकाचं, या गोष्टीने बाबली एवढा सुखावला होता की त्याला रात्रभर कूस बदलावी लागली. ट्रक गणेश चवथीआधी उभा राहायलाच हवा होता. फक्त ते पुस्तकाचं त्याला झोंबलं. भर घाटात, भर पावसात गिअरबॉक्स उतरवलेला माणूस तो. त्याने पुस्तक उचललं आणि कपाटावर टाकून दिलं.

कामाला सुरुवात त्याने आपल्या पद्धतीने केली. इंजिन खोललं की सगळे पार्ट गोणपाटावर मांडायचे, मग डिझेलात धुवायचे, हा धंद्याचा नियम. त्याप्रमाणे त्याने सगळेच्या सगळे तुकडे चौकटींपासून कापून सुटे केले. रिकाम्या चौकटी त्याच दिवशी पंचायतीच्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या. मग त्याने तुकडे परातीत घातले आणि वर अर्धा लिटर डिझेल ओतलं.

"माझी परात!" करंज्यांच्या तयारीला लागलेली चंद्रावती माजघरातून ओरडली. "नेवऱ्यांचा पीठ मळूक काढलेली ती! आता गणपतीक डिझेलाच्यो नेवऱ्यो दाखवू?"

"धुतंय मगे."

"ट्रक धुतास काय परात?"

दोन्ही धुवावं लागलं, कारण डिझेलाने तेलकट झालेल्या प्लास्टिकवर गोंद धरेना. बाबलीने भांड्यांच्या साबणाने एकेक तुकडा घासला. आता वाळवायचे कुठे? ऑगस्टात ऊन म्हणजे पाहुणा. बाबलीने सगळे तुकडे सुपात पसरले आणि सूप न्हाणीतल्या चुलीजवळ, जिथे खोबरं सुकवतात तिथे, ठेवून दिलं. अर्ध्या तासाने जाऊन बघतो तर ट्रकाचा सांगाडा, म्हणजे चासी, खाऱ्या बांगड्यासारखी वाकलेली.

चासी वाकणं म्हणजे काय हे ट्रकवाल्यालाच विचारावं. इंजिन मेलं तर इंजिन बदलता येतं, पण चासी वाकली की गाडी संपली. बाबली ती चासी हातात धरून पडवीत दहा मिनिटं नुसता बसला. चंद्रावतीनेही त्या दहा मिनिटांत परातीचा विषय काढला नाही.

मग त्याने कारापूरच्या गुरुदासला बोलावलं. गुरुदास मेस्त्री, बाबलीचा टिपर त्याच्याच हाताखालून गेलेला. टिपर संपल्यावर आता तो स्कूटरी दुरुस्त करायचा, पण त्यात त्याचं मन नव्हतं. चासी हातात घेताच त्याचे डोळे चमकले.

"बाबल्या, पाणी तापय. आणि दोन पाट हाड."

गरम पाण्यात बुडवून, दोन पाटांमध्ये धरून, वर पाटा-वरवंटा ठेवून त्यांनी चासी सरळ केली. संध्याकाळी गुरुदासने ती डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटला आणि "लायनीत आसा," म्हणून निकाल दिला. बाबलीचा जीव भांड्यात पडला. आता जोडायचं काय ते राहिलं.

पण काय कशाला जोडायचं? गुरुदास पुस्तक मानणारा होता. त्याने ते कपाटावरून काढायला लावलं, चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं. चित्रात लिहिलं होतं: सतरा नंबर एकोणिसाला चिकटवा.

"सतरा खंयचो?"

"नंबर चौकटीवर होते."

"आणि चौकटी?"

बाबलीने रस्त्याकडे बोट दाखवलं. पुस्तक परत कपाटावर गेलं.

तरी दोघे हरले नाहीत. हा शाफ्ट, हा डिफरन्शियल, हा स्प्रिंगचा पाटा, हा एअर टँक, असं करत त्यांनी नुसत्या नजरेने अर्धा ट्रक ओळखून काढला. इंजिन तर गुरुदासने एका बैठकीत उभं केलं. चार दिवसांत चासीवर चाकं बसली आणि ती फिरलीसुद्धा. बाबली ती चहा पिता पिता बोटाने फिरवायचा, पुन्हा पुन्हा फिरवायचा. पाचव्या दिवशी केबिन हातात घेतली आणि तिथे घोटाळा झाला.

"रे गुरू, स्टिअरिंग डाव्या बाजूक आसा."

गुरुदासने केबिन उलटसुलट करून बघितली. "कंपनीची चूक. घाईत साचो उलटो पडलो आसतलो."

"एवढ्या म्हाग वस्तूत?"

"रे, माणसांच चुकतत. आपण सुधारूया."

चूक सुधारणं म्हणजे काय थोडंथोडकं काम नव्हतं. गुरुदासने हॅकसॉचं पातं घेऊन डॅशबोर्ड मधोमध कापला आणि डाव्याचं उजव्याला आणून चिकटवलं. आता स्टिअरिंगचा दांडा खाली इंजिनाच्या टोपावर आपटू लागला, म्हणून टोप घासला. टोप घासल्यावर ड्रायव्हरची सीट वर राहिली, म्हणून सीटचे पाय कापले. पाय कापल्यावर सीट एवढी खाली गेली की तिथे बसणाऱ्याला काचेतून फक्त आभाळ दिसलं असतं. "उशी घालतलो," गुरुदास म्हणाला. बाबलीने मान डोलावली. त्याच्या मते ट्रक आता पहिल्यांदाच बरोबर दिसत होता.

राहिले आरसे. तांदळाएवढे सहा आरसे, आणि बाबलीची बोटं ट्रकच्या नटबोल्टांची. चवथीला तीन दिवस राहिले असताना एक आरसा केबिनला चिकटायच्या ऐवजी त्याच्या अंगठ्याला चिकटला. झटक्यात धरणारा गोंद तो, त्याने झटक्यातच धरला. ओढला तर कातडी येते, ठेवला तर अंगठा जातो. बाबलीने केबिन आणि उरलेले बारीक तुकडे पिशवीत घातले, अंगठा वर धरला आणि बसने डिचोली गाठली.

तिथे चिमट्या-भिंगाने बारीक काम करणारा दत्तप्रसाद शेट सोनार. चवथीच्या तोंडावर त्याच्या दुकानात बायकांची ही गर्दी. बाबलीने काउंटरवर अंगठा ठेवला.

"सोन्याचो आसा?" शेटने विचारलं.

"प्लास्टिकचो. काढा."

शेटने डोळ्याला भिंग लावलं, चिमटा घेतला आणि कसल्याशा पाण्याचा थेंब टाकून आरसा अलगद सोडवला. मग पिशवीतली केबिन बघितली आणि त्याचा कारागीर जागा झाला. गिऱ्हाइकं ताटकळत असताना त्याने सहाच्या सहा आरसे, दोन वायपर आणि पावट्याएवढा हॉर्न चिमट्याने बसवून दिला. काम संपलं तसं त्याने भिंग वर केलं.

"बाबलीभाऊ, स्टिअरिंग कोणी कापला?"

"आमी. कंपनीन डाव्या बाजूक घातलेला, सुधारला."

"झील तुमचो खंय आसा?"

"पोलंडाक."

"थंय रस्त्याच्या उजव्या बाजूनच गाड्यो चालतत. स्टिअरिंग डाव्या बाजूकच आसता." शेटने हे इतक्या मऊपणे सांगितलं की बांगड्या बघणाऱ्या एका बाईनेच "अरेरे" केलं.

बाबलीने केबिन उचलून स्टिअरिंगकडे बघितलं. एवढं साधं आपल्याला कसं सुचलं नाही! कंपनीला चुकीचं ठरवून आपण बरोबर असलेला ट्रक बिघडवला होता. पोर येणार, बघणार, आणि मनात म्हणणार की बापाला आता तेही जमत नाही. ही शेवटची गोष्ट त्याला सहन होण्यासारखी नव्हती. "शेट," तो म्हणाला, "परत डाव्या बाजूक नेवक जमात?"

शेटने बाहेरच्या गर्दीकडे बघितलं, बाबलीच्या तोंडाकडे बघितलं आणि दुकानाचं अर्धं दार ओढून घेतलं.

चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी ओंकार आला तेव्हा ट्रक पडवीतल्या टेबलावर उभा होता. जरासा डावीकडे कललेला होता. केबिनचं एक दार पूर्ण मिटत नव्हतं. अकरा तुकडे उरले होते, ते बाबलीने वाटीत घालून झाकले होते. माजघरात गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधून झाली होती आणि चंद्रावती नेवऱ्या तळत होती, धुतलेल्या परातीतल्या.

ओंकारने बॅग खाली ठेवली आणि टेबलासमोर उकिडवा बसला. कितीतरी वेळ तो केबिनमध्ये डोकावत होता. बाबली खांबाला टेकून उभा राहिला. परीक्षेच्या निकालाला माणूस उभा राहतो तसा.

"बाबा, डॅशबोर्ड दोनदा कापलास?"

"एकदा माझ्या अकलेन. एकदा शेटच्या."

ओंकार हसला. हसता हसता थांबला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "बाबा, मी ऑफिसात नाय."

"मगे?"

"हो ट्रक चालवतंय. होच. निळो."

तळणीतला झारा थांबला. ओंकारने एका दमात सांगून टाकलं. आधी सहा महिने गोदामात होता, मग लायसन काढलं, आता दोन वर्षं झाली. जर्मनी, झेक, इटलीपर्यंत जातो. "तुमी त्या दिवशी पडवीत बोललास ता माझ्या डोक्यात होता. फोनार सांगूक तोंड उघडा ना. म्हणान ट्रक धाडलो. म्हटलंय, आदी तुमचो हात लागांदे त्येका, मगे सांगूया."

त्याने फोन पुढे केला. फोटोत बर्फ होतं, निळा ट्रक होता आणि ट्रकापुढे कानटोपी घातलेला ओंकार होता. बाबलीने फोन घेतला, चष्मा चढवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. आधी टायर बघितले. मग चासी बघितली. सगळ्यात शेवटी पोराचं तोंड बघितलं, आणि तिथे तो थांबला. चंद्रावती झारा हातात घेऊन दारात उभी होती. तिला वाटलं, आता सणाच्या तोंडावर ह्या घरात काही खरं नाही.

"किती टन?" बाबलीने विचारलं.

"चाळीस."

"गिअर?"

"बारा. पण ऑटोमॅटिक."

"ऑटोमॅटिक?" बाबलीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच वेदना दिसली. "म्हणजे गिअर तो आपणच बदलता?"

"होय."

"मगे तू थंय करतंस काय?"

चंद्रावतीला हसू आणि रडू एकदमच आलं. ती आत पळाली, कारण नेवऱ्या करपत होत्या.

दुसऱ्या दिवशी आरतीला गुरुदास आला, दुकान बंद करून शेटही आला. गुरुदासने प्रसाद तोंडात टाकत विचारलं, "काय ओंकार, ऑफिस काय म्हणता?"

"कसला ऑफिस?" ओंकारच्या आधी बाबलीच बोलला, आणि शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "चाळीस टनाचो ट्रक चालयता तो! बर्फात! डाव्या बाजूक बसून! आणि तू म्हणालंस, कंपनीची चूक."

गुरुदासने प्रसादाला पुन्हा हात पुढे केला. शेटने समईकडे बघितलं.

जेवणं झाली, माणसं पांगली. ओंकार विहिरीवर हात धूत होता. बाबली हळूच त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याने आधी घराकडे बघितलं, चंद्रावती दिसत नाही याची खात्री केली आणि खाकरला.

"रे, थंय ट्रकाचा लायसन काढूक वय किती लागता?"

"एकवीस. कित्याक?"

"खालचा नाय रे," बाबली म्हणाला. "वरचा किती, ता विचारतंय."