मिलिंदाच्या कॅसेटमधली बाई

मिलिंद कुणाच्याही घरात शिरला की आधी एक टाळी वाजवायचा. एकच. मग मान तिरकी करून भिंतींकडे बघत उभा राहायचा आणि घरातल्या माणसांची विचारपूस करायच्या आधी घराचा निकाल सांगायचा, "लई कोरडं घर हाय साहेब. या कोपऱ्यात गादी टाका." माझं लग्न झाल्यावर तो पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हाही त्याने अशीच टाळी वाजवली. आमच्या हिला वाटलं, हा मांत्रिक असणार. ती आत जाऊन लिंबू शोधायला लागली.

आम्ही दोघं एकाच सहकारी साखर कारखान्यात. मी टाइम ऑफिसला, तो बॉयलरला. पाळी बदलताना वाजणारा भोंगा त्याच्या हातात असायचा. क्वार्टर माझ्या शेजारचं, त्यामुळे भोंगा नसेल तेव्हा त्याची बेस गिटार ऐकणं हे माझ्या नशिबी होतं. जयंतीच्या मिरवणुकीत ऑर्केस्ट्राच्या गाडीवर त्याने ती पहिल्यांदा हातात घेतली, आणि नंतर ती त्याच्या गळ्यातून फक्त जेवणापुरती उतरायची.

"आपलं म्युझिक फंक हाय," तो सांगायचा.

"पंखा?" आमचे शिफ्ट इंजिनिअर विचारायचे.

"पंखा न्हाई साहेब, फंक! यात सूर कमी अन् धक्का जास्त. खड्ड्यात गेल्यावर जीप कशी बसती? तसं."

आमच्याकडचे रस्ते बघता बीड जिल्ह्यात ही व्याख्या कुणालाही लगेच पटायची.

मग तो दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, ऊस वाळून गेला, आणि गाळप सुरूच झालं नाही. ज्या आवारात एकमेकांशी ओरडून बोलावं लागायचं, तिथे कुणी खोकलं तरी लांबवर ऐकू जायला लागलं. मळीची मोठी लोखंडी टाकी रिकामी करून, धुऊन उघडी ठेवली होती. मिलिंद तिच्या तळाशी असलेल्या, माणूस वाकून जाईल एवढ्या झडपेतून आत गेला आणि सवयीने टाळी वाजवली. मी बाहेर उभा होतो. टाळी आत गोल फिरली, विरली, आणि बऱ्याच वेळाने परत आली. पण ती मिलिंदाची वाटेना. कुणी दुसऱ्यानेच, बारक्या हातांनी वाजवल्यासारखी वाटली.

मिलिंद बाहेर आला तो हसतच. "हितंच रेकॉर्डिंग करायचं!"

आत तो आणि ड्रम वाजवणारा सलीम. बाहेर झडपेपाशी टेपरेकॉर्डर सांभाळत मी. दिवसभर तिथे चौथं माणूस फिरकलं नाही, हे मी कुठेही सांगायला तयार आहे.

अल्बमचं नाव 'रिकामी टाकी'. कव्हरवर टाकीच्या शिडीवर गॉगल लावून उभा मिलिंद. प्रकाशन आमच्या चेअरमनच्या हस्ते झालं. "सभासद बंधूंनो," ते म्हणाले, "ऊस नसला तरी आपल्या टाकीतून काहीतरी बाहेर पडलं, याचा मला अभिमान आहे." तेलगावच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कॅसेटच्या प्रती निघाल्या आणि बघता बघता जीपमध्ये, पानटपरीवर, वरातीत, जिथे तिथे मिलिंदाचा धक्का बसायला लागला.

शिरूर कासारकडचा एक ट्रॅक्टरवाला त्याला हुडकत आला. ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा माणूस. म्हणाला, "गाणं झकास हाय बे. पण मधी ती बाई कोन हाय?"

मी घरी जाऊन नीट ऐकलं. शेवटच्या गाण्यात बेस मध्येच थांबतो, तिथे एक बाई गुणगुणत होती. शब्द नव्हते. धान्य निवडताना बाया आपल्याच तंद्रीत गुणगुणतात तसं. आणि शेवटी, कुणीतरी बघितल्यावर लाजून थांबावं, तसं थोडं हसू.

मी मिलिंदाला विचारलं. त्याने डोळा मारला. "हाय न्हवं? आपलीच आयडिया हाय ती." मला खरं वाटलं नाही, पण कलाकार माणूस, म्हटलं असेल काही.

त्याच्या शेवंताकाकूंनी मात्र ते गाणं ऐकलं आणि त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "आरं," त्या म्हणाल्या, "ही तर आपली सुमन."

सुमन म्हणजे मिलिंदाची धाकटी बहीण. रेकॉर्डिंगच्या आधीच्या हिवाळ्यात ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेली. तिकडेच फडावर ताप चढला आणि गेली. मिलिंदाला निरोप मिळून तो पोचेपर्यंत लोकांनी सगळं आटोपलं होतं. त्यानंतर तो सुमनविषयी कधी बोलला नव्हता, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

काकूंचं ते वाक्य गावोगाव पोचलं आणि 'रिकामी टाकी'च्या प्रती पुन्हा पुन्हा निघायला लागल्या. शहरातल्या एका कंपनीने ती घेतली आणि खराबी समजून बाईचा आवाज काढून टाकला. लोक दुकानदाराशी भांडायला लागले, "यात बाई न्हाई!" पुढे काही महिन्यांनी त्या कंपनीच्या मालकाचा कारखान्यात फोन आला. तो मीच घेतला. माणूस घाबरलेला होता. "अहो, आम्ही आवाज पुसला होता. आता तो पहिल्या गाण्यात येतोय."

मग मिलिंदाने स्वतःच सीडी काढली. त्यानंतर आणखी एक. दर खेपेला तो ड्रम कमी करायचा, स्वतःचा बेस कमी करायचा. लोक चिडले. "मिल्या, धक्का कुठं गेला बे?" फंक वाजवणारा माणूस आपल्याच गाण्यातून स्वतःला पुसत चालला होता. का, ते कुणाला कळत नव्हतं.

एका दुपारी तो नवी सीडी घेऊन माझ्याकडे आला. गळ्यात गिटार. खाटेवर बसला.

"साहेब, एक सांगू? मला ती ऐकू येत न्हाई."

"कोण?"

"सुमन. समद्यांला येती. सलीमला येती, काकूला येती, त्या ट्रॅक्टरवाल्याला येती. मलाच न्हाई." बीडचे डॉक्टर म्हणाले होते, भोंग्यापाशी राहून कानातला बारीक आवाज गेला. जाड आवाज तेवढे राहिलेत. "समदं काढून बघितलं. माझं वाजवनं काढलं. तरी न्हाई. मलाच कावून न्हाई साहेब?"

मी त्याच्या हातातून सीडी घेतली.

"एक करा," तो म्हणाला. "ती आली की हात वर करा. थांबली की खाली घ्या."

मी सीडी लावली. आवाज आला तसा हात वर केला. मिलिंद माझ्या हाताकडे बघत राहिला, दारातून येणाऱ्या माणसाकडे बघावं तसा. ती हसली, थांबली. मी हात खाली घेतला.

"पुना लावा."

या वेळी त्याने गिटार मांडीवर ओढली. माझा हात वर गेला आणि तो तिच्या आवाजाखाली हळूच वाजवायला लागला. धक्का नाही, काही नाही. झोपलेल्या पोराला थोपटावं तसं.

तेवढ्यात वीज गेली. सीडी प्लेअरचा दिवा विझला, वरचा पंखा गरगरत मंद होत थांबला.

मी हात खाली घ्यायला पाहिजे होता. पण ती अजून गुणगुणत होती.

मिलिंदाने आधी विझलेल्या दिव्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. त्याची बोटं तारांवर थबकली. मी नुसती मान हलवली. हो, आहे. आणि तो वाजवत राहिला.